वीतभर उघडी जागा

पडद्यावर सगळं निळंजांभळं होतं आणि मध्येच एक वीतभर पिवळं लखलखलं, तेव्हा त्याला आधी वाटलं, कॅमेरा बिघडला. उष्णता दाखवणारा हा कॅमेरा ऑफिसात तिघांत मिळून एक होता आणि गेल्या आठवड्यात कोणीतरी तो जिन्यावरून पाडला होता. कोणी पाडला, हे अर्थातच कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं शर्टाच्या टोकानं काच पुसली, दोन पावलं मागे सरला, पुन्हा धरून पाहिलं. निळं, जांभळं, निळं, आणि मध्ये तो पिवळा चौकोन. चौकोनच होता तो, हे विशेष. गळती अशी नसते. गळती वेडीवाकडी पसरते, तिच्या कडा धड कुठे सुरू होतात ते कळत नाही. हा चौकोन फूटपट्टी लावून आखल्यासारखा होता. त्याच्या जरा खाली एक गोल स्टूल होतं, आणि स्टुलावर एक फिकट गुलाबी डाग, म्हणजे कोणीतरी आत्ताच तिथून उठून गेलं होतं. तो बघत असतानाच डाग आक्रसत गेला, जांभळा झाला, आणि मग निळ्यात मिसळून नाहीसा झाला. सत्तावीस वर्षं तो लोकांच्या कारखान्यांतून वाया जाणारी ऊब शोधत फिरत होता. भट्ट्या पाहिल्या, चिमण्या पाहिल्या, पण माणूस उठून गेल्यावर त्याची बसायची जागा थंड होताना त्यानं कधी पाहिली नव्हती. डाग गेला तरी त्यानं कॅमेरा त्या स्टुलावर तसाच धरून ठेवला.

धुलाईचा हा कारखाना मोठा होता. शहरातल्या दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे कोट असं सगळं इथे गाड्या भरभरून यायचं, धुऊन, वाळून, कडक इस्त्री होऊन परत जायचं. दोन वर्षांपूर्वी तो इथे पहिल्यांदा आला, तेव्हा वाफेचे पाइप उघडेवाघडे पडलेले होते आणि कारखाना म्हणजे नुसती न्हाणीघराची कोंदट हवा होती. डोक्याला दिवा लावून तीन दिवस तो त्या पाइपांच्या मागं मागं हिंडला आणि एकशे सतरा उघड्या जागा मोजून काढल्या. एकशे सतरा! त्या आकड्यावर तो तेव्हा लहान मुलासारखा खूश झाला होता. मग कारखान्याच्या मालकांनीही मनावर घेतलं. पाइपांना काचेच्या लोकरीची जाड जॅकेटं शिवून चढवली, छतावर उन्हातून वीज करणारी तावदानं बसली, जुने दिवे गेले, धुण्याचं गरम पाणी गटारात सोडण्याआधी त्याची ऊब काढून घ्यायचं यंत्र आलं. आज तो शेवटच्या तपासणीला आला होता. त्याच्या हातातल्या फॉर्मवर सर्वांत खालचा रकाना होता, 'उघड्या जागा', आणि पुढे एक छोटी रिकामी चौकट. त्या चौकटीत शून्य पडलं की कारखान्याला हिरवं प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि त्याच्या ऑफिसच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर त्याचा फोटो छापून येणार होता. इतक्या वर्षांत त्याच्या कुठल्याच कामात शून्य आलं नव्हतं. कुठे चार राहायच्या, कुठे नऊ. दमलेल्या माणसाला एकदा तरी शून्य हवं असतं. आता निवृत्तीला फार दिवस नव्हते. गुडघे कुरकुरत होते, शिडी चढताना तो मनातल्या मनात पायऱ्या मोजायला लागला होता, आणि हे शून्य खिशात घालून आपण घरी बसावं, एवढीच त्याची माफक इच्छा होती.

तर आता हा चौकोन. कॅमेरा गळ्यात सोडून तो जवळ गेला. ही मागची बोळ होती, धुलाईच्या हॉलच्या भिंतीला लागून. एका बाजूला फाटक्या चादरींचा ढीग, एक शिलाई मशीन, एक मेज. दुसऱ्या बाजूला, कमरेच्या उंचीवरून, बॉयलरकडे गरम पाणी परत नेणारा पाइप गेलेला. पाइपाच्या जॅकेटमध्ये कोणीतरी खिडकी कापली होती. कापली म्हणजे ओरबाडली नव्हती. तीन बाजूंनी सरळ चिरा, प्रत्येक कडेला चादरीच्या किनारीची पांढरी पट्टी दुमडून घातलेली, आतली काचेची लोकर टोचू नये, उडू नये म्हणून वेगळ्या अभ्र्यात भरून उशीसारखी टाचलेली. खाली दोन काजं आणि समोर दोन बटणं, डॉक्टरांच्या कोटाची. झडप वर दुमडून ठेवली होती, म्हणून कॅमेऱ्यात उजेड पडला होता. बटणं लावलेली असती, तर त्याला पत्ताही लागला नसता. त्यानं नकळत टाक्यांवरून बोट फिरवलं. ठेकेदाराच्या माणसांनी जॅकेटं शिवली होती ती पोत्यासारखी, आणि त्यात ही एवढीच शिवण अशी की कौतुक करावं. कौतुक करायला नव्हे, दोष काढायला आपण आलो आहोत, हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

"ते माझं आहे," मागून आवाज आला.

दोऱ्याची रिळं पदरात घेऊन एक बाई उभी होती. साठीला टेकलेली, बारकी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कारखान्यात तिला सगळे टाकेमावशी म्हणत. फाटलेली चादर टाकून न देता तिला टाके घालून पुन्हा वापरात आणायची, हे तिचं काम. मागच्या खेपेला तिला त्यानं पाहिलं असणारच, पण तो पाइप बघत होता.

"काय तुमचं?"

"खिडकी." तिनं रिळं मेजावर ठेवली आणि घाईघाईनं झडप खाली ओढून बटणं लावायला लागली. एक बटण काही केल्या काजात जाईना. तेव्हा त्यानं तिची बोटं पाहिली. पेरं सुजून गाठी झालेली, बोटं एका बाजूला झुकलेली. "तासाला पाच मिनिटं उघडते, साहेब. घड्याळ लावून. बोटं शेकली की तासभर चालतात, मग पुन्हा आखडतात. पाच मिनिटं झाली की लगेच बटणं लावते. आज दोरा संपला म्हणून उठले आणि तेवढ्यात तुम्ही आलात. तुमची ऊब एरवी काही वाया जात नाही बघा."

"माझी कुठली ऊब, मावशी."

"तुम्हीच ना ते? डोक्याला दिवा लावून आलेले? तुमच्यामुळेच तर हे सगळं झालं. पूर्वी इथे घाम फुटायचा. थंडीतसुद्धा नुसती ब्लाउजवर बसायचे मी." ती हसली. तक्रार करत नव्हती ती, जुनी गंमत सांगितल्यासारखं सांगत होती. आता बोळीत चौदा अंश होते. त्यानं स्वतःच मघाशी मोजून लिहिले होते. दोन वर्षांपूर्वी एकतीस होते, आणि त्याच्यापुढे त्यानं त्याच्या सुवाच्य अक्षरात शेरा मारला होता: 'विनाकारण'.

"मॅनेजरांकडून एखादा हीटर मागून घ्यायचा."

"मागितला होता. ते म्हणाले, नियम आहे. कोणी आपापला हीटर लावायचा नाही." तिनं भिंतीकडे मान वळवली. तिथे हिरव्या पानाचं चित्र असलेला फलक होता, त्यावर बारा नियम. नववा नियम हीटरचा. तो नियम त्याचाच होता. बाराही त्याचेच होते. त्याच्या बायकोनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याचं नाव 'श्रीयुत विझवे' ठेवलं होतं, कारण तिचं अर्धं पान वाचून होतं न होतं तोच तो मागून येऊन दिवा बंद करायचा. पाहुण्यांसमोर ती म्हणायची, आमच्याकडे जेवताना पटापट जेवा, विझवे मोकळेच आहेत. सगळे हसायचे, तोही हसायचा. आता नववा नियम वाचताना त्याला हसू आलं नाही.

"मग चादरी?" त्यानं विचारलं. का विचारलं, त्याला ठाऊक नव्हतं.

"दिवसाला चाळीस झाल्या पाहिजेत. गेल्या थंडीत वीसच व्हायच्या. मॅनेजर म्हणाले, मावशी, असंच चाललं तर फाटक्या चादरी फाडून फडकी करू, परवडत नाही. म्हणजे मग हे मेज कशाला आणि मी कशाला? वाईट नाहीत हो ते, त्यांनाही वरून विचारतातच की. मग ही खिडकी केली. आता चाळीस होतात. कधी बेचाळीस." ती थांबली. "नोकरीची तीन वर्षं राहिलीत माझी. मग तुम्ही खुशाल बुजवा."

त्यानं काहीतरी म्हणायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते सत्तावीस वर्षांच्या सवयीचं वाक्य: "हे नोंदवावं लागेल, मावशी." ते ऐकून ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान डोलावली. "हो, तुमचं कामच आहे ते," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली.

बारा वाजता बॉयलर बंद झाला. शनिवारी अर्धा दिवसच असतो. दाबाचा काटा खाली येताना त्यानं पाहिला, वेळ लिहिली, बॉयलरवाल्याची सही घेतली, आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये फॉर्म भरायला बसला. मॅनेजर जेवायला घरी गेला होता. खिडकीतून छतावरची तावदानं दिसत होती, त्यांच्यावर कबुतरं बसली होती आणि आपापल्या परीनं कार्यक्षमता कमी करत होती. एकेक रकाना भरत तो खाली सरकत होता, पण मन काही त्यात नव्हतं. 'येतं की,' असं कोणीतरी त्याच्या कानात म्हणत होतं. आईचा आवाज. आठ वर्षं झाली तिला जाऊन, आणि तो आवाज आला की त्याच्या हातातलं काम थांबायचं. आई एका लहान गावात, त्यांच्या जुन्या दोन खोल्यांत एकटी राहायची. इकडे ये म्हटलं तर यायची नाही. त्यानं तिच्या न्हाणीघरात गिझर बसवून दिला, आणि गिझर म्हटल्यावर टायमर आलाच. दिवसभर गिझर चालू ठेवायचा म्हणजे निव्वळ उधळपट्टी. तबकडीसारखा टायमर होता तो, भोवती बारक्या खुंट्या. सकाळी साडेपाच ते सहा एवढ्या खुंट्या त्यानं दाबल्या, कारण आई जन्मभर सहाला अंघोळ करत आलेली. "तू काही करायचं नाहीस. हातसुद्धा लावायचा नाही," असं त्यानं तिला बजावलं होतं. आईनं कौतुकानं त्या तबकडीकडे पाहिलं होतं. मग दर रविवारी तो फोन करायचा आणि फोन ठेवता ठेवता विचारायचा, "पाणी गरम येतं ना?" आणि आई म्हणायची, "येतं की." कधी म्हणायची, "येतं हो, चांगलं कढत येतं."

त्या थंडीत तिकडे वीज फार जायची. हे त्याला पेपरातून कळत होतं, आईकडूनही कळत होतं, आणि तबकडीचा टायमर वीज गेली की थांबतो, वीज आली की थांबला होता तिथून पुढे चालू लागतो, म्हणजे तेवढा मागे पडतो, हेही त्याला माहीत होतं. माहीत काय, तो हे इतरांना शिकवायचा. फक्त या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. फेब्रुवारीत आई छातीच्या दुखण्यानं गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, आणि ते खरंच होतं. सगळं आटोपल्यावर तो घर रिकामं करायला गेला. एकटाच होता. भांडी बांधून झाली होती, दुपार कलली होती, आणि न्हाणीघरात टक असा आवाज झाला. मग बारीक घूं घूं. तो आत गेला. गिझरचा तांबडा दिवा लागला होता. त्यानं घड्याळ पाहिलं, सव्वातीन. तबकडीच्या मते मात्र सकाळचे साडेपाच वाजले होते. तो तिथेच उकिडवा बसून राहिला. अर्ध्या तासानं नळ सोडला. रिकाम्या घरात, रिकाम्या न्हाणीघरात, वाफाळतं कढत पाणी आलं, आणि बादली भरून वाहायला लागली तरी तो नळ बंद करीना. सगळी थंडी तिनं गार पाण्यानं अंघोळ केली होती. रोज सहाला. आणि रोज भलत्याच वेळी, शेवटी तर भर दुपारी, ती भिंतीला टेकून डुलकी घेत असताना, तिच्यासाठी पाणी तापून गार होत होतं. तिला ते टक ऐकू आलं नसेल? आलं असणारच. हात लावायचा नाही म्हणून तिनं लावला नाही, हे एक वेळ समजू शकत होतं. पण फोनवर सांगायला काय झालं होतं? हा प्रश्न त्याला आठ वर्षं सुटला नव्हता. तिला टायमर कळला नाही, असं तो कधी स्वतःला पटवायचा. तिला त्रास द्यायचा नव्हता, असं कधी. कधी चिडायचाही तिच्यावर, मेलेल्या बाईवर. एक शब्द बोलली असती तर! मग रात्रभर त्याला त्या चिडण्याची लाज वाटायची. बायकोला त्यानं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्या तशाच होत्या." त्या दिवसापासून तिनं त्याला विझवे म्हणणं सोडलं, आणि ते न म्हणणं त्याला जास्त लागलं.

सर्वांत वाईट भाग त्यानं बायकोलाही सांगितला नव्हता. तो निरनिराळ्या कंपन्यांत भाषणं द्यायचा, आणि भाषणात पहिल्यापासून आईच्या गिझरचा दाखला असायचा. 'आमच्या आईचंच घ्या. सत्तरीची बाई, पण टायमर लावल्यापासून तिचं विजेचं बिल निम्म्यावर आलं.' लोकांना घरगुती दाखला आवडतो. आई गेल्यावरही त्यानं तो दाखला सोडला नाही. जीभ सरावली होती, वाक्य आपोआप यायचं. एकदा मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, वीज गेली की असे टायमर मागे पडतात ना? तुमच्या आईंच्या बाबतीत झालं का तसं कधी?" आणि तो म्हणाला, "नाही. आमच्याकडे तसं काही झालं नाही." हसत म्हणाला. त्या दिवसानंतर त्यानं भाषणं द्यायचं बंद केलं. घसा बसतो, असं ऑफिसात सांगितलं.

फोन वाजला. त्याचा साहेब होता, त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान आणि कायम धावणारा. "काय, शून्य आलं ना?"

तो समोरच्या रिकाम्या चौकटीकडे बघत होता.

"हॅलो? पुस्तिका सोमवारी छापायला जातेय हो. तेवढा फॉर्म पाठवून द्या. आणि तुमचा एक बरा फोटो. हसरा बघा जरा."

"पाठवतो," तो म्हणाला. फोन ठेवला आणि चौकटीत शून्य काढलं. चांगलं गोल, वळणदार आलं. बाईला जाऊन सांगू, त्यानं ठरवलं, की मावशी, मी काही पाहिलं नाही. कोणी तपासायला आलं की बटणं तेवढी लावत जा. म्हणजे तिची खिडकी राहील, आपलं शून्य राहील, साहेबाची पुस्तिका राहील. सगळ्यांचं भागेल. आपण चांगलं काम करतो आहोत असं त्याला वाटायला लागलं, आणि ते वाटणं त्याच्या चांगल्याच ओळखीचं होतं. गिझर बसवून परत निघताना, बसमध्ये, अगदी असंच वाटलं होतं.

चार वाजायला आले होते. हॉलमधली यंत्रं गप्प होती, इस्त्रीच्या बाया निघून गेल्या होत्या. बोळीत दिवा चालू होता, चाळीस पुऱ्या करायला मागे थांबलेली टाकेमावशी शेवटच्या चादरीवर असावी. तो आत शिरला आणि जागच्या जागी थांबला. खिडकी नव्हती. दोन्ही बटणं काढून टाकली होती, झडप खाली ओढून तिन्ही बाजूंनी शिवून टाकली होती, बारीक, दुहेरी, घट्ट टाका. कॅमेरा लावला तरी काही दिसलं नसतं. त्याचं शून्य खरं झालं होतं.

"झालं बघा," मावशी म्हणाली. "जेवायच्या वेळात घेतलं करून. आता लिहायला नको तुम्हाला. तुम्ही एवढ्या मेहनतीनं सगळं केलंत आणि माझ्या एका भोकापायी कमीपणा यायचा." ती हात पदरात गुंडाळून बसली होती. समोरच्या चादरीवर अर्धा टाका घातलेला, सुई तशीच खोचलेली.

"चाळीस झाल्या?"

"होतील की."

त्यानं ढीग पाहिला. मोजायची त्याला सवयच होती. झालेल्या एकोणतीस. तो स्टुलावर बसला, आणि काय बोलायला आलो होतो ते सगळं विसरला. ऐन वेळी सुचलेलं शहाणपण, सगळ्यांचं भागवणारं, कुठल्या कुठे गेलं. "ते उसवायचं असतं ते द्या," तो म्हणाला.

"काय?"

"शिवण उसवायचं. असेल ना तुमच्याकडे?"

"अहो साहेब, नका. दुहेरी टाका आहे तो, निघायचा नाही लवकर."

"द्या तर."

तिनं डब्यातून लाकडी मुठीचं छोटं हत्यार काढून दिलं, दुबेळक्या टोकाचं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, नाक पाइपाला लागेल इतका वाकला आणि पहिल्या टाक्यात टोक घातलं. दोरा तुटायच्या ऐवजी कापडच फाटलं. "तसं नाही," मावशी म्हणाली, "खालून घाला आणि वर उचला. ओढू नका. हं. आता एक सोडून एक." तो एक सोडून एक उचलत राहिला. मान भरून आली, डोळ्यांना पाणी यायला लागलं, एकदा टोक अंगठ्यात गेलं. "जन्मात सुई धरली नाही वाटतं," ती म्हणाली आणि खुदकन हसली, मग साहेबाला हसले म्हणून जीभ चावली. त्यालाही हसू आलं. "घरी बायको लावते बटणं," तो म्हणाला. "मग आज घरी जाऊन सांगा तिला," ती म्हणाली, "म्हणावं, तीन बाजू उसवल्या." एवढी चांगली शिवण आपण उसवतो आहोत याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि पुष्कळ दिवसांत इतकं हलकंही वाटलं नव्हतं. तिसरी बाजू सुटली तशी त्यानं झडप वर दुमडली. मग खिशातून फॉर्म काढला, मेजावर पसरला, आणि ते वळणदार शून्य खोडून बाजूला एकचा आकडा काढला. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'ही जागा मुद्दाम उघडी ठेवली आहे. इथे माणूस बसतो. बुजवू नये.' नववा नियमही बदलावा, असं पुढे लिहिलं. सही केली. साहेब सोमवारी बोंब मारणार, पहिलं पान दुसऱ्या कोणाला तरी जाणार. जाऊ दे, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या जाऊ दे मध्ये दमणूकच जास्त होती. शौर्य वगैरे काही नव्हतं.

"घ्या मावशी, शेका," तो म्हणाला.

ती पुढे झाली आणि तिनं दोन्ही हात खिडकीत घातले.

"गरम लागतंय ना?" त्यानं विचारलं.

"लागतंय की," ती म्हणाली. "चांगलं कढत लागतंय."

तो बघत राहिला. तिचे दोन्ही तळवे पाइपावर सपाट टेकलेले होते. सकाळी त्या पाइपावर बोट टेकवलं असतं तर कातडी सोलून आली असती. तिनं सकाळी हात नुसते समोर धरले असतील, वीतभर लांबून. आणि आता ती तळवे टेकवून बसली होती, डोळे मिटून, चेहऱ्यावर ऊब लागत असल्याचं समाधान आणून. बॉयलर बाराला बंद झाला होता. त्यानंच वेळ लिहिली होती, त्यानंच सही घेतली होती. कॅमेरा त्याच्या गळ्यात लोंबत होता, पण तो उचलायचं त्याला सुचलं नाही. त्यानं हात पुढे केला आणि तिच्या हाताशेजारी आपला तळवा पाइपावर ठेवला.

"हे तर गार आहे, मावशी."

तिनं डोळे उघडले. चोरी पकडली गेल्यासारखी ती ओशाळली, पण हात काढले नाहीत. "अहो, तुम्ही एवढं बसून माझ्यासाठी उसवलंत," ती म्हणाली, "तुम्हाला नाही कसं म्हणू?"

आठ वर्षं जो प्रश्न घेऊन तो फिरत होता त्याचं उत्तर एवढंसंच होतं, आणि ते एखाद्या चार पैशांच्या गोष्टीसारखं तिनं सहज त्याच्या हातावर ठेवलं होतं. तू एवढं बसवून दिलंस. तुला नाही कसं म्हणू? आईनं काही लपवलं नव्हतं, आईला काही कळलं नाही असंही नव्हतं. दर रविवारी त्यानं विचारलं, आणि दर रविवारी तिनं त्याचं मन राखलं. विचारायचं सोडून तो एकदा, एकदाच, गाडीत बसून गेला असता आणि बादलीत हात घातला असता तर. पाइप गार होता आणि त्याचा हात त्याच्यावरून निघत नव्हता.

"सोमवारी सकाळी लागेल," मावशी हळूच म्हणाली. त्याची समजूत काढत होती ती. "बॉयलर सातला पेटतो. आठपर्यंत हा पाइप असा तापतो की बघायलाच नको."

"सोमवारी येतो मी," तो म्हणाला.

"कशाला? तुमचं काम तर झालं. मी सांगते ना, लागेल."

"तुम्ही सांगाल हो," तो म्हणाला. "मी येऊन बघतो."